रेडिओ संच घरच्या संगणकाला जोडताना: एकेक तार, एकेक चाचणी

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओचा, संच संगणकाला जोडायचा म्हणजे एक केबल लावली की झालं, असं नव्याने येणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती चार वेगळी कामं असतात. संचाचा आवाज संगणकात आणायचा, संगणकाचा आवाज संचात न्यायचा, प्रक्षेपण चालू-बंद करायचं (पीटीटी), आणि संगणकावरून संचाची फ्रिक्वेन्सी व मोड, म्हणजे सिग्नलचा प्रकार, बदलायचा (कॅट). नव्या संचांत ही चारही कामं एकाच यूएसबी केबलमधून होतात, पण आत त्यांचे रस्ते वेगळेच राहतात. काही बिघडलं तर कोणता रस्ता अडलाय, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. ज्याला हे चार रस्ते डोळ्यासमोर दिसतात त्याला बिघाड लवकर सापडतो. बाकीचे सगळं उपटून पुन्हा जोडत बसतात.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी नुसतं ऐकायचं, मग कॅट, मग पीटीटी, आणि सगळ्यात शेवटी संगणकाचा आवाज हवेत सोडायचा. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. पहिल्या टप्प्याला कोणीही सुरुवात करू शकतो, प्रक्षेपणासाठी मात्र परवाना आणि कॉलसाइन (स्टेशनचं अधिकृत ओळखनाव) हातात हवंच.

सरावासाठी मी एफटी८ हा छोटे मजकूर पाठवणारा डिजिटल मोड आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्राम धरतो. तो फुकट मिळतो, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. मुख्य म्हणजे जोडणी बरोबर आहे की नाही हे तो आकड्यांत सांगतो. स्टीव्ह फ्रँक आणि जो टेलर यांनी २०१७ मध्ये एफटी८ आणला. नावातली दोन अक्षरं त्यांच्या आडनावांची, आणि आठ म्हणजे त्यात वापरलेले आठ स्वर. टेलर यांना जोड-ताऱ्यातल्या पल्सारच्या (ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं आहे. अगदी क्षीण सिग्नलमधून माहिती कशी वेचायची, ही त्यांची आयुष्यभराची विद्या, आणि ती या मोडमध्ये उतरली आहे. एका सिग्नलची रुंदी जेमतेम ५० हर्ट्झ असते आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल संगणक वाचतो. यावर जम बसला की त्याच जोडणीवर एफएलडिजीमधून पीएसके३१, जेएस८कॉल, डब्ल्यूएसपीआर, सगळं चालतं.

संचाच्या पाठीमागे बघा

काय विकत घ्यायचं हे ठरवण्याआधी संचाच्या पाठीमागची सॉकेटं आणि मॅन्युअल उघडून बघा. ढोबळमानाने तीन प्रकार असतात.

पहिल्या प्रकारात साउंड कार्ड संचाच्या आतच असतं. आयकॉम आयसी-७३००, याएसू एफटी-९९१ए, केनवूड टीएस-५९०एस हे असे संच. यूएसबी केबल लावली की संगणकाला एक साउंड कार्ड आणि एक किंवा दोन सीरियल पोर्ट दिसतात. बाकी काही लागत नाही.

दुसऱ्या प्रकाराने बरेच जण फसतात. संचाला यूएसबी सॉकेट असतं, पण त्यातून फक्त कॅट आणि पीटीटी जातं, आवाज जात नाही. याएसू एफटी-८९१ याचं ठळक उदाहरण. त्याला आवाजासाठी मागच्या सहा पिनांच्या मिनी-डिन डेटा सॉकेटमधून वेगळी जोडणी करावी लागते. हे सॉकेट अनेक कंपन्यांच्या संचांवर जवळपास सारखंच असतं: पिन १ वर आवाज आत, २ वर ग्राउंड, ३ वर पीटीटी, ४ वर ९६०० बॉडसाठीचा (बॉड म्हणजे डेटाचा वेग) आवाज बाहेर, ५ वर १२०० बॉडचा आवाज बाहेर, ६ वर स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद करणारी सोय). एफटी८सारख्या मोडना पिन ५ लागते. या सॉकेटची खरी सोय अशी की इथून बाहेर येणाऱ्या आवाजाची पातळी व्हॉल्यूमच्या बटणाने हलत नाही. रात्री स्पीकर पूर्ण बंद करून काम करता येतं. सोल्डरिंग करण्याआधी पिनांचे क्रमांक आपल्याच मॅन्युअलमधून पडताळा. आकृती सॉकेटच्या तोंडाकडून काढली आहे की प्लगच्या सोल्डरच्या बाजूने, हेही बघा, कारण दोन्ही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात.

तिसरा प्रकार म्हणजे जुने संच आणि हातातले छोटे संच. यांना फक्त माइक आणि हेडफोन किंवा स्पीकरची सॉकेटं असतात. त्यांच्यावरही काम होतं, फक्त व्हॉल्यूमची जागा एकदा ठरवून तिथे खूण करून ठेवावी लागते. हातातल्या संचाबरोबर मिळणारी चॅनल भरण्याची केबल या कामाला चालत नाही. ती संचाशी फक्त डेटा बोलते, आवाज नेत नाही.

मधला डबा

पहिल्या प्रकारचा संच असेल तर हा भाग सोडून पुढे जा. इतरांना संच आणि संगणक यांच्यामध्ये एक इंटरफेस लागतो. तयार हवा असेल तर सिग्नालिंक आणि डिजिरिग ही ओळखीची नावं आहेत. आपल्या संचासाठीची नेमकी केबल सोबत मागवा, कारण डबा तोच असतो, केबल प्रत्येक संचाची वेगळी.

स्वतः बनवायचा असेल तर सामान थोडंच लागतं: एक साधं यूएसबी साउंड कार्ड, दोन ६०० ओहमचे एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, एक ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा स्विच) आणि एक यूएसबी-सीरियल मॉड्यूल. लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डावरही भागतं, पण मी वेगळं कार्डच सुचवेन. मग संगणकाच्या सूचनांचे टिंगटिंग आवाज आणि रेडिओचा आवाज कधी एकत्र येत नाहीत.

ट्रान्सफॉर्मर कशाला, असं विचारलं जातं. संगणकाचं ग्राउंड आणि संचाचं ग्राउंड वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला पोचतात आणि त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक राहतो. आवाजाच्या केबलने दोन्ही जोडली की त्या फरकाने प्रवाह वाहतो आणि मेन्सची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर सिग्नलमध्ये शिरते. ट्रान्सफॉर्मर आवाज पलीकडे पोचवतो, पण तांब्याची सलग वाट तोडतो. संगणकाच्या आणि संचाच्या माइक सॉकेटवर बहुधा माइकसाठीचं डीसी व्होल्टेज असतं, ते ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून वाहू नये म्हणून अशा बाजूला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत घाला.

संगणकाच्या हेडफोनचा आवाज माइक सॉकेटला फार मोठा पडतो. पहिला साधारण व्होल्टच्या आसपास, दुसऱ्याला काही मिलिव्होल्ट पुरतात. मध्ये १० किलोओहम मालिकेत आणि १०० ओहम ग्राउंडकडे, असा दुभाजक घातला की सिग्नल शंभराव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे ४० डेसिबलने खाली. डेटा सॉकेटला इतका क्षीण सिग्नल चालत नाही, तिथे गरज पडलीच तर कमी अडवणारा दुभाजक पुरतो.

पीटीटीसाठी सीरियल मॉड्यूलची आरटीएस लाइन (प्रोग्रामला चालू-बंद करता येणारी तार) आणि पीसी८१७सारखा ऑप्टोकपलर. इथे एक बारकावा आहे. टीटीएल (शून्य ते ३.३ किंवा ५ व्होल्टच्या) मॉड्यूलवर आरटीएस 'चालू' होते तेव्हा तिचं व्होल्टेज खाली जातं. म्हणून ऑप्टोकपलरची एलईडी पुरवठ्याकडून रेझिस्टरमार्गे आरटीएसकडे जोडायची, ग्राउंडकडे नाही. पुरवठाही मॉड्यूलच्या सिग्नलच्याच व्होल्टेजचा घ्या. सिग्नल ३.३ व्होल्टचे आणि एलईडीला ५ व्होल्ट दिले, तर आरटीएस बंद असतानाही एलईडीतून थोडा प्रवाह वाहतो आणि पीटीटी अर्धवट दाबल्यासारखी राहू शकते. ३.३ व्होल्टला ३३० ओहमचा रेझिस्टर ठीक. पलीकडे कलेक्टर पीटीटीला, एमिटर संचाच्या ग्राउंडला. आतला रिले थेट पीटीटीवर ओढणाऱ्या जुन्या संचाला एवढा प्रवाह पुरत नाही, त्याला पुढे एक ट्रान्झिस्टर जोडावा लागतो.

टप्पा पहिला: नुसतं ऐकणं

विंडोजवर संच बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आधी बसवा, केबल नंतर लावा. लिनक्सवर ड्रायव्हर बहुधा आतच असतात, पण तुमचं खातं सीरियल पोर्ट वापरणाऱ्या गटात असावं लागतं, उबंटू-डेबियनवर त्या गटाचं नाव 'डायलआउट'. काही वितरणांत 'बीआरएलटीटीवाय' ही ब्रेल पडद्याची सेवा सीएच३४० चिपचा पोर्ट बळकावून बसते. पोर्ट क्षणभर दिसून गायब होत असेल तर आधी तिच्याकडे बघा.

साउंड कार्ड संगणकाला दिसलं की त्याला 'रेडिओ' असं नाव द्या आणि ते संगणकाचं मुख्य ध्वनी उपकरण झालेलं नाही ना, हे तपासा. यूएसबी साउंड कार्ड लावल्यावर विंडोज बहुधा त्यालाच मुख्य करून टाकतं. तसंच राहिलं तर ई-मेलची घंटासुद्धा तुमच्या अँटेनावरून जाईल. नमुना दर ४८,००० हर्ट्झ ठेवा, आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा. विंडोज आणि मॅकवर प्रोग्रामला मायक्रोफोन वापरायची परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर वॉटरफॉल (सिग्नल पट्ट्यांनी दाखवणारं चित्र) कोरा राहतो आणि दोष मात्र केबलला दिला जातो.

आता संच १४.०७४ मेगाहर्ट्झवर, अप्पर साइडबँड (डायलच्या आकड्याच्या वरची बाजू), डेटा मोडमध्ये. ४० मीटरवर ७.०७४ ला गेलात तरी अप्पर साइडबँडच. बोलण्यासाठी तिथे लोअर वापरतात, म्हणून सवयीने चूक होते. फिल्टर सुमारे ३ किलोहर्ट्झ रुंद, नॉइज ब्लँकर आणि नॉइज रिडक्शन बंद. कानासाठी बनवलेली ही साधनं डिकोडरच्या कामात अडथळा आणतात.

प्रोग्रामच्या डाव्या कोपऱ्यातली पातळीची पट्टी बँडवर नुसती खरखर असताना ३० डेसिबलच्या आसपास हवी. जास्त असेल तर मोठे सिग्नल छाटले जातात आणि शेजारचे छोटे त्यात बुडतात. संगणकाच्या रेकॉर्डिंग पातळीने किंवा संचाच्या यूएसबी आउटपुटच्या मेनूने ती बसवा.

वॉटरफॉलवर उभे पट्टे दिसतात, पण ओळी उमटत नाहीत? बहुतेक वेळा घड्याळ चुकलेलं असतं. एफटी८चं चक्र १५ सेकंदांचं, त्यात प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं. संगणकाचं घड्याळ एका सेकंदाच्या आत अचूक हवं. एनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरून, वेळ जुळवणारी सेवा चालू ठेवा. लिनक्सवर क्रोनी, विंडोजवर माइनबर्गचं एनटीपी चांगलं चालतं. डिकोड झालेल्या ओळींतल्या 'डीटी' या रकान्यात बहुतेक आकडे शून्याजवळ असतील तर तुमचं घड्याळ ठीक. सगळेच आकडे एका बाजूला झुकलेले असतील तर चूक तुमच्या घड्याळाची. घड्याळ ठीक असूनही ओळी येत नसतील तर साइडबँड तपासा.

इथे एखादी संध्याकाळ नुसती ऐकण्यात घालवा. कोणता बँड कधी उघडतो, तुमची अँटेना कुठून ऐकते, हे आपोआप कळत जातं. प्रोग्राममधला पीएसके रिपोर्टरचा पर्याय चालू केला तर तुम्ही ऐकलेली स्टेशनं नकाशावरही दिसतात.

टप्पा दुसरा: कॅट

कॅटमध्ये संगणक संचाला छोट्या आज्ञा पाठवतो. केनवूडची भाषा साध्या अक्षरांची आहे, आयकॉमची सीआय-व्ही आकड्यांची आणि प्रत्येक मॉडेलला वेगळा पत्ता देणारी. आयसी-७३०० चा पत्ता सोळा-आधारी ९४. प्रोग्राममध्ये मॉडेल बरोबर निवडलं की हे सगळं हॅमलिब नावाची लायब्ररी सांभाळते. तुम्हाला जुळवायच्या असतात फक्त दोन गोष्टी: पोर्ट आणि बॉड रेट. संचाच्या मेनूतला बॉड रेट आणि प्रोग्राममधला बॉड रेट एकच हवा. मेनूत 'ऑटो' असला तरी मी एक आकडा ठरवून दोन्हीकडे तोच देतो.

एफटी-९९१एसारखा संच दोन पोर्ट दाखवतो, त्यातला 'एन्हान्स्ड' कॅटसाठी. 'टेस्ट कॅट' हिरवं झालं की संचावरचा नॉब फिरवा, पडद्यावरचा आकडा बदलला की हा टप्पा पार.

जुन्या संचांत सीरियलचा प्रकार बघितल्याशिवाय केबल लावू नका. नऊ पिनांचं सॉकेट असेल तर ते आरएस-२३२, त्यात उणे आणि अधिक अशी दोन्ही बाजूंची मोठी व्होल्टेज असतात. एफटी-८१७ ची एसीसी पिन किंवा आयकॉमचं सीआय-व्ही सॉकेट टीटीएल पातळीचं, म्हणजे शून्य ते ५ व्होल्ट. आरएस-२३२ थेट टीटीएलला जोडलं तर संच जळू शकतो.

विंडोजवर एक सीरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. लॉगबुक आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स दोघांनाही फ्रिक्वेन्सी हवी असेल तर मध्ये एफएलरिग किंवा हॅमलिबचं रिगसीटीएलडी बसवा. पोर्ट त्याच्या ताब्यात, बाकी सगळे त्याच्याकडे मागतात.

टप्पा तिसरा: पीटीटी

अँटेना काढा, डमी लोड (शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) लावा, पॉवर सगळ्यात कमी आणि संगणकाचा आवाज शून्य. मग 'टेस्ट पीटीटी'. संच प्रक्षेपणात गेला आणि पुन्हा दाबल्यावर बाहेर आला की पुरे.

कॅटने पीटीटी होत असेल तर तीच वापरा. ते नसेल तर आरटीएस. व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की आपोआप प्रक्षेपण, हा शेवटचा उपाय, कारण संगणकातला कुठलाही आवाज संचाला चालू करतो. सिग्नालिंकही आवाजावरच चालतो, पण त्याचं साउंड कार्ड वेगळं असल्याने धोका बराच कमी.

संगणक सुरू होताना किंवा प्रोग्राम पोर्ट उघडताना आरटीएस आणि तिच्यासारखीच डीटीआर ही लाइन क्षणभर हलतात, आणि कधी तशाच अडकून राहतात. म्हणून संचाचा टाइम-आउट टायमर लावून ठेवा, आणि संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच संच चालू करायची सवय लावा.

टप्पा चौथा: आवाज हवेत

खरी काळजी इथे घ्यायची. आधीच्या टप्प्यांत चुकलं तर फक्त तुमचं काम अडतं, इथे चुकलं तर बँडवरच्या सगळ्यांचं. बोलण्याच्या एका चॅनलएवढ्या जागेत कितीतरी एफटी८ स्टेशनं शेजारी शेजारी काम करत असतात, आणि एक बिघडलेला सिग्नल त्यांपैकी अनेकांना झाकून टाकतो.

संच डेटा मोडमध्ये आहे आणि मॉड्युलेशनचा स्रोत बरोबर आहे, हे बघा. आयसी-७३०० मध्ये 'डेटा मॉड' हा पर्याय यूएसबीवर हवा, एफटी-८९१वर मागचा डेटा सॉकेट. संच प्रक्षेपणात जातो पण वॉटमीटर हलत नाही, या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं. स्पीच कॉम्प्रेसर बंद, इक्वलायझर सपाट.

आता डमी लोडवरच 'ट्यून' दाबा. संचाची पॉवर ठरवा, संगणकाचा आवाज खालून हळूहळू चढवत न्या आणि मीटर एएलसीवर (आवाज जास्त झाला की तो आपोआप दाबणारी संचातली सोय) ठेवा. एएलसीची सुई हलू लागली की थांबा आणि तिथून मागे या, ती पुन्हा शांत होईपर्यंत. काही संचांच्या मीटरवर थोडी हालचाल ठरलेल्या पट्ट्यात चालते, तिथे मॅन्युअलचं ऐका. नियम तोच: पॉवर संचाच्या पॉवर नियंत्रणाने ठरवायची, आवाज वाढवून नाही.

इतकी काटेकोरी का, तर आवाज जास्त झाला की त्याचे गुणित स्वर तयार होतात. तुमचा स्वर ८०० हर्ट्झवर असेल तर १६०० आणि २४०० वरही तुमचंच भूत उमटतं, आणि दोन्ही जागा संचाच्या फिल्टरच्या आत असल्याने थेट हवेत जातात. स्वर १५०० ते २००० च्या दरम्यान असेल तर दुसरा गुणित स्वर ३००० च्या पुढे जातो, फिल्टर त्याला अडवतो. 'स्प्लिट ऑपरेशन'मध्ये 'फेक इट' निवडलं की प्रोग्राम प्रक्षेपणापुरती डायल फ्रिक्वेन्सी सरकवून तुमचा स्वर याच पट्ट्यात ठेवतो. कॅट बसवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

पॉवरही जपून. बोलताना संचाला मध्येमध्ये विसावा मिळतो, एफटी८मध्ये तेरा सेकंद तो पूर्ण भारावर चालतो. १०० वॉटच्या संचाला ३० ते ४० वॉट ठेवा, त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर टिकतील. या मोडमध्ये तेवढ्याने समुद्रापार पोचता येतं.

मग अँटेना लावा, मोकळी जागा शोधा, सीक्यू, म्हणजे 'कोणीही उत्तर द्या' अशी हाक, द्या. उत्तर आलं नाही तरी पीएसके रिपोर्टरवर आपलं कॉलसाइन शोधा. कोणी, किती डेसिबलवर ऐकलं हे काही मिनिटांत दिसतं. सिग्नलची स्वच्छता तपासायला दुसरा संच किंवा एखादा ऑनलाइन एसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा, सॉफ्टवेअरवर चालणारा) रिसीव्हर घ्या आणि आपला पट्टा एकच आणि बारीक दिसतो का ते बघा.

प्रक्षेपण केलं की माउस थिजतो

डमी लोडवर सगळं नीट, अँटेना लावली की यूएसबी तुटते, माउस अडकतो किंवा संच प्रक्षेपणातून बाहेरच येत नाही. ही अँटेनाची शक्ती केबलांच्या बाहेरच्या आवरणावरून घरात परत येत असल्याची खूण. एका टोकाने जोडलेल्या लांब तारेच्या अँटेनांत हे फार होतं. उपाय मुळाशी करायचा: फीडलाइनवर (संचापासून अँटेनापर्यंतच्या केबलवर), अँटेनाच्या बाजूला चोक, म्हणजे आवरणावरचा प्रवाह अडवणारं वेटोळं. त्यानंतर यूएसबी आणि आवाजाच्या केबलना फेराइट (चुंबकीय पदार्थाचं कडं). एचएफसाठी, म्हणजे लघुलहरींसाठी, ३१ क्रमांकाचं मिश्रण, आणि केबल त्यातून एकदाच नाही, पाच-सहा वेढे घालून. वेढे दुप्पट केले तर अडवणूक साधारण चौपट होते. यूएसबी केबल आखूड ठेवा.

उलट दिशेचा त्रासही असतो. संगणक लावल्यापासून बँडवरची खरखर वाढली असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. खरखर गेली तर दोषी चार्जर. नसेल गेली तर मॉनिटर, मग यूएसबी हब, असं एकेक बंद करत जा.

सगळं चालू लागलं त्याच दिवशी संचाच्या मेनूतल्या किमती, बॉड रेट, पोर्टचे क्रमांक, संगणकाच्या दोन्ही ध्वनिपातळ्या, हे एका कागदावर लिहून संचाजवळ चिकटवा. केबल दुसऱ्या यूएसबी सॉकेटात गेली तर विंडोज नवा पोर्ट क्रमांक देऊ शकतं आणि ध्वनिपातळी पुन्हा पूर्ण चढवू शकतं, म्हणून प्रत्येक केबलला आणि तिच्या सॉकेटला एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. ऑपरेटिंग सिस्टिमचं मोठं अपडेट झाल्यावर पहिलं प्रक्षेपण पुन्हा डमी लोडवर, एएलसी बघूनच.